माझ्या नावानं कोण बोलून राह्यलं

११ नोव्हें., मंगळ.
मधल्या सुट्टीत मिलिंद सरांचा मेसेज. आधी आमच्याच शाळेवर होते, आता परतूरला. "हॅलो ताई, माझी पुतणी भीमगीत स्पर्धेत फायनलला आहे. एक मत द्या. तुमच्या मोबाईलवर कोड येईल तो मला पाठवा." कोड आला, पाठवला. समाजाची पोर स्टेजवर उभी राहून गाती आन् मी मत द्यायला मागंपुढं बघू? जिंकू दे बाई.
सहावीचे पेपर तसेच पडलेत. उद्या नक्की.

१२ नोव्हें.
सकाळपासून माझ्या वधूवरांच्या पेजचं अकाउंट उघडंना. पासवर्ड चुकीचा म्हणे. माझाच पासवर्ड, मीच ठेवलेला, आन् मलाच चुकीचा! यांना विचारलं, तुम्ही काही दाबलं का? हे म्हणे, "मी टीव्हीचा रिमोटबी तुला विचारल्याशिवाय दाबत न्हाई."
शाळेत निघाले तर केदारखेड्याहून साहेबरावभाऊंचा फोन. "ताई, पेजवर तुम्ही ते पैसे डबल करायचं काय टाकलंय?" मी? पैसे डबल? "मला वाटलंच," म्हणे. "वर 'हॅलो फ्रेंड्स' लिव्हलंय. आमची ताई जय भीम घातल्याशिवाय तोंड उघडत न्हाई."
तवा डोक्यात उजेड पडला. मिलिंद सरांचंबी 'हॅलो ताई'च होतं की! लगेच फोन लावला. "ताई, माझं अकाउंट तर गेल्या आठवड्यातच गेलं. पुतणी? मला पुतणीच न्हाई."
मंग आठवडाभर तोंडाला कुलूप लावल्तं का? एक फोन करता येत न्हवता? तर म्हणे, "लाज वाटली ताई. मास्तर असून फसलो." यांची लाज राह्यली झाकून आन् माझं घर उघडं पडलं. फार बोलले त्यांना. कमीच बोलले.

त्याच दिवशी, संध्या.
समाजाच्या ग्रुपवर टाकलं: अकाउंट चोरीला गेलंय, पेजवरून काही आलं तर उत्तर देऊ नका.
पेजचं दुःख न्हाई. पेज गेलं तर दुसरं काढीन. इनबॉक्स! इतक्या वर्षांत आईबापांनी विश्वासानं पाठवलेले बायोडाटे, पोरींचे फोटो, कुणाचं शिक्षण, कुणाचं काय दुखणं, सगळं तिथं. आन् प्रज्ञाचा फोटो. साहेबरावभाऊंची पोर. साखरपुडा झाल्यावर त्या लोकांनी मोडला, कारण बी धड सांगितलं न्हाई, आन् गावात बोट मात्र पोरीकडं. भाऊ म्हणल्ते, "फोटो पेजवर नको ताई. तुमच्यापाशीच ठेवा. स्थळ बघून तुम्हीच दाखवा." मी म्हणलं, बिलकुल, माझ्यापाशी राहील.
माझ्यापाशी!

१३ नोव्हें.
स्टाफरूममध्ये ज्याला त्याला एकच प्रश्न. "मॅडम, पैसे गेले का?" न्हाई. "मंग बरंय." काय बरंय? खातं रिकामं झालं असतं तर सगळे चहा सोडून उठले असते.
सुजाताचा पुण्याहून फोन. "आई, कोड कुणाला द्यायचा नसतो, हजारदा सांगितलं." बरं बाई, तू मोठी. तिनं फोनवर सांगितलं तसं केलं. पासवर्ड विसरलात, इथं दाबा. कोड पाठवलाय, म्हणे. कुठं पाठवला? त्या मेल्याच्या नंबरवर! नंबर बदलला, ईमेल बदलला. माझ्या दाराचं कुलूप बदलून आतून मलाच विचारतो, कोण पाहिजे?

१५ नोव्हें., शनि.
आज चेहऱ्याची परीक्षा. मोबाईलसमोर बसा, डावीकडं बघा, उजवीकडं बघा, वर बघा. चष्म्यासकट केलं, चष्मा काढून केलं. उत्तर: चेहरा जुळत न्हाई. जुळंल कसा? अकाउंटला फोटो सुजाताच्या बारशातला! तवा केस कमरेपर्यंत होते.
आधार कार्ड टाकलं. त्यावर कांताबाई, अकाउंटवर कांताताई. ते बी परत आलं. माणूस न्हाई का हो तिथं एखादा बोलायला? सगळं मशीन. मशीनवर किती ओरडणार! हे हळूच चहा ठेवून गेले.

१६ नोव्हें., रवि.
विहारात वंदना झाल्यावर उभं राहून सगळ्यांना सांगितलं. लपवायचं न्हाई असं ठरवलंच होतं, मिलिंद सरांसारखं मला जमायचं न्हाई.
बायकांनी घेरलं. ताई, आमच्या दीपालीचा फोटो? ताई, आमच्या पोरीच्या घटस्फोटाचे कागद? एक जण मागून, मला ऐकू जाईल असं, "म्हणून तर आम्ही फोटोच दिला न्हवता." अगं, तुझ्या पोराचं जमवलं कुणी? लग्नात पहिल्या पंगतीला जेवलीस ती कुणाच्या जिवावर? चहाच्या कपापलीकडं कुणाचं काही घेतलं न्हाई मी. तोंडावर आल्तं, गिळलं. विहार होतं.

१८ नोव्हें.
तळपायाची आग मस्तकात गेली आज. पाचवीच्या मॅडम मोबाईल घेऊन आल्या, "अभिनंदन ताई, मिळालं ना अकाउंट!" काय मिळालं? त्यांनी मेसेज दाखवला. माझ्या नावानं:
"जय भीम ताई. अकाउंट परत मिळालं. मधले मेसेज हॅकरचे होते, लक्ष देऊ नका."
चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. आन् जय भीम! इनबॉक्स वाचून वाचून शिकला मुडदा. आमच्या बापजाद्यांनी हा शब्द तोंडात यावा म्हणून काय काय सोसलं, आन् हा त्याची किल्ली करून घराघरात शिरतो. एका शब्दावरून लोकं ओळखून राह्यले होते, मी न्हाई म्हणून. ते बी नेलं.
ग्रुपवर परत टाकलं: अकाउंट मिळालेलं न्हाई. जय भीम लिहिलेलं असलं तरी मी न्हाई. स्वतःलाच न्हाई म्हणायची पाळी.
साहेबरावभाऊंना फोन केला. बघितलं म्हणे ग्रुपवर.

१९ नोव्हें.
अर्धी रजा टाकून तक्रार दिली. लिहून घेणारी पोरगी वर्दीतली, सुजाताच्या वयाची. पैसे गेले का, हे तिनं विचारलं न्हाई. विचारलं, "ताई, आत काय काय होतं?" सगळं सांगितलं. तिनं लिहिणं थांबवलं, म्हणाली, "माझाबी बायोडाटा आमच्या मम्मीनं असाच कुठंकुठं पाठवलाय." मंग परत लिहू लागली, जास्त दाबून. तिच्याच सांगण्यावरून पूर्वी ज्या जुन्या मोबाईलवर अकाउंट चालवायचे तो शोधायचा. कंपनी जुना मोबाईल ओळखते म्हणे. बाईला ओळखत न्हाई, मोबाईलला ओळखते. घ्या!

२२ नोव्हें., शनि.
मिळालं. जुना मोबाईल यांच्या कपाटात, बुटाच्या खोक्यात निघाला. चार्ज व्हायला सकाळ गेली. सुजाता फोनवर, मी इकडं, आन् एकदम माझं पेज समोर! रडलेच. पासवर्ड बदलला, त्याचा नंबर, ईमेल उडवलं, दोनदा विचारूनच उघडंल असं कुलूप लावलं.
हे म्हणे, "सुटलीस." मला बी वाटलं, सुटले. मंग इनबॉक्स उघडला.
प्रज्ञाच्या आईचा मेसेज, १८ तारखेचा. ग्रुपवर भाऊ आहेत, वहिनी न्हाईत. ही अक्कल मला यायला नको होती का?
तो: जय भीम वहिनी. चांगलं स्थळ आहे, मुलगा नोकरीला. प्रज्ञाचे अजून फोटो पाठवा. साडीवरचे, घरातले साधे पण.
वहिनी: ह्यांनी एकच द्यायचा म्हणलंय ताई.
तो: पोरगी लाखात एक आहे आपली. काळजी करू नका, मी आहे ना.
हे माझं वाक्य आहे. शब्दन् शब्द माझा. प्रत्येक आईला मी हेच लिहिते. त्यानं उचललं आन् लावलं.
खाली पाच फोटो. त्याखाली वहिनी: तुमच्यावर भरवसा म्हणून पाठवते. ह्यांना सांगू नका.
माझ्यावर भरवसा. आन् गेला कुणाच्या घशात! तळपट होवो त्याचं. जेवण गेलं न्हाई.

२३ नोव्हें., रवि.
हे फोनवर सांगायचं न्हाई. पहिल्या एस.टी.नं जालना, तिथून भोकरदनच्या गाडीनं केदारखेडा. कापूस वेचणीचे दिवस, पण रविवार म्हणून घरी होते सगळे. भाऊ खुशीत. "मिळालं ना अकाउंट? आमच्या पोरीचं काही गेलं तर न्हाई?"
वहिनींचा हात चहाच्या पातेल्यावर तसाच राह्यला. माझ्याकडं बघितलं, सांगू नका म्हणून. सांगावं तर वहिनी मरती. न सांगावं तर माझ्यात आन् त्या चोरात फरक काय?
प्रज्ञाच बाहेर आली. "गेले पप्पा. पाच फोटो. मीच काढून दिल्ते, आईवर ओरडू नका. ताईचा मेसेज हाये म्हणून दिले."
भाऊ खाली बघत राह्यले. मंग म्हणले, "आता जे हाये ते सगळं काढून टाका ताई. पोरीचं नावबी ठेवू नका."
प्रज्ञा म्हणाली, "न्हाई. ताई, माझा फोटो पेजवर टाका. उघड. नावगावासगट, साखरपुडा मोडला हे बी लिव्हा. उद्या त्यानं कुणाला दाखवला तर म्हणता येईल, आम्हीच टाकलाय. त्यांनी मोडला तवाबी तोंड मीच लपवायचं, चोरी झाली तवाबी मीच?"
"गप," भाऊ. "लोक काय म्हणतील?"
"म्हणूनच राह्यलेत की, पप्पा."
बापलेक दोघंबी माझ्याकडं बघू लागले. भाऊंना दिलेला शब्द माझा. पोर मोठी, फोटो तिचा. मी म्हणलं, दोघांचं एक होऊ द्या. भाऊ उठून शेताकडं गेले. चहा कुणीच प्यालं न्हाई.
येताना राजूरच्या पुढं मोबाईल वाजला. एक फोटो, निळ्या साडीतला, सरळ कॅमेऱ्यात बघणारा. खाली: "जय भीम ताई. मी प्रज्ञा. मीच हाये का ते फोन करून बघा."
गाडीतच फोन लावला. तीच होती. म्हणाली, "टाकला का?"