तुम्ही डेकवरून पाहिलेलं गाव

बाबा,

तुमची बोट जिथे अडकून पडली होती, त्या ग्रीसच्या बेटावर आम्ही जाऊन आलो. माझी मुलगी हल्ली अथेन्सला नोकरीला असते. तुम्ही गेलात तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. तिने मला आणि ताईला महिनाभर बोलावून घेतलं. ताई विठ्ठलवाडीहून सामान घेऊन बाळकुमला माझ्याकडे आली तेव्हाच बजावून मोकळी झाली, "अथेन्स बघेन, पण त्या बेटाचं नाव काढायचं नाही." आम्ही तिकडे पोचलो तर पोरीने बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीची तिन्ही तिकिटं काढूनच ठेवलेली. ताई तरीही आली.

तिचा राग तुम्हाला ठाऊक होताच. मोहने गावातल्या कारखान्यातली फिटरची नोकरी सोडून तुम्ही बोटीवर गेलात. पुढे बोटीचा मालक बुडाला आणि कोर्टाने बोट त्या बंदरात अडकवून ठेवली. त्याच वर्षी आई काविळीने गेली. तार पाठवली, ती तुम्हाला मिळाली, पण तुम्ही आला नाहीत. मी सहावीत होतो, अग्नी मी दिला. तुम्ही आलात ते पार दिवाळीच्या तोंडावर. मला ती सकाळ अजून दिसते. ताई ओट्याशी पोळ्या लाटतेय, तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात बॅग हातात धरून उभे. मान वर न करता ती म्हणते, "समोर गाव दिसतं असं पत्रात लिहिलं होतंत ना? मग उतरून यायचं होतं."

"उतरू देत नव्हते गं," तुम्ही म्हणालात.

तिला ते पटलं नाही. नातेवाईक नाही नाही ते बोलत होते, तेही तिच्या कानावर येत होतं. शेवटच्या आजारपणात तिने तुमचं सगळं केलं, पण तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

गाव बंदरापासून थेट टेकडीवर चढत गेलंय. जुन्या व्यापाऱ्यांची उंच घरं, पांढऱ्या दगडाचा मोठा चौक, रस्तेही त्याच दगडाचे, पायाखाली गुळगुळीत झालेले. "आत्या, हळू, घसरशील," म्हणत पोरगी तिचा हात धरून चालत होती. ताईचे गुडघे दुखायला लागले तसे आम्ही धक्क्यावरच्या एका कॉफीच्या दुकानात बसलो. मालक म्हातारा होता. आम्ही कुठले, इथे कसे, असं त्याने विचारलं आणि पोरीने तिच्या मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये तुमची गोष्ट सांगून टाकली. मी तिला अडवणार होतो, तेवढ्यात तो खुर्ची ओढून आमच्यात बसला.

तुमचीच बोट त्याच्या लक्षात होती असं मी म्हणणार नाही. तशा बऱ्याच बोटी यायच्या, म्हणाला. खलाशांना कागदपत्रांशिवाय उतरायची परवानगी नसायची, धक्क्यावर पोलीस असायचा. हा आणि त्याचा भाऊ होडी वल्हवत जाऊन त्यांना पाव आणि संत्री द्यायचे. वरून दोरीला बांधलेली बादली खाली यायची.

"विचार त्याला, बोट धक्क्यापासून किती लांब असायची," ताई म्हणाली.

त्याने पाण्याकडे हात करून जागा दाखवली. आपल्या दुर्गाडी किल्ल्यावरून खाडीचा पलीकडचा काठ दिसतो, साधारण तेवढंच अंतर.

ताईने तिकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "बाबांना पोहता यायचं ना रे?"

"यायचं की. पण पोहून जाणार कुठे? पोलीस उभा होता."

"तसं नाही. एवढं जवळ गाव, पोहता येतंय, आणि हातात ती तार. कसे राहिले असतील?"

आई गेल्यापासून तिने तुम्हाला तोंडावर किंवा तुमच्यामागे कधी 'बाबा' म्हटलं नव्हतं. 'हे' म्हणायची, 'ते' म्हणायची. तिच्या ते लक्षात आलं की नाही मला माहीत नाही, मीही दाखवून दिलं नाही. तिने डोळे पुसले आणि पोरीला सांगितलं, "त्यांना म्हणावं, पाव दिलात, फार बरं केलंत." म्हाताऱ्याने कॉफीचे पैसे घेतले नाहीत. उठताना ताईने त्याला हात जोडून नमस्कार केला, तर त्यानेही हात जोडले.

हे तुम्हाला कळायला हवं होतं म्हणून लिहायला बसलो. आता थांबायला हरकत नाही, पण एक राहिलंय. त्या गावाचा मला राग येईल असं जन्मभर वाटत होतं. तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पाण्यात पाय सोडून बसलो, तळलेले मासे खाल्ले, ताईने आणखी एक प्लेट मागवली. फार देखणं गाव आहे, बाबा, आम्ही मजा केली. तुम्ही असतात तर हे तुम्हाला सांगायची माझी हिंमत झाली नसती.