पिन काढल्यानंतरचा नाच

घाटकोपर,
रविवार संध्याकाळ

प्रिय पद्मे,

फोन केला असता तर तू मध्येच कापला असतास, म्हणून हे पत्र. पत्र फार तर फाडता येतं, आणि तू आधी वाचून मगच फाडशील हे मला ठाऊक आहे. तर सरळच सांगते. तुझी निधी दर रविवारी बोरिवलीहून मेट्रोने येते ती कुठल्या क्लासला नाही. ती माझ्याकडे येते, आणि आपल्या जुन्या बिल्डिंगच्या गच्चीवर नाच शिकते. मीच शिकवते. आता हवं तेवढं ओरडून घे, मी थांबते.

झालं? मग ऐक. यंदा सोसायटीच्या गणपतीत पोरांनी आपल्या वेळची रिमिक्सची गाणी ठेवली आहेत. ‘रेट्रो’ म्हणतात मेले! आपण वाजवून वाजवून कॅसेट झिजवल्या, तीच गाणी आता आजीच्या पैठणीसारखी कौतुकाने बाहेर काढतात. मी आधी चिडले. मग घरात कुणी नाही असं बघून एक गिरकी घेतली. गुडघा कुरकुरला, पण कंबर काही विसरली नव्हती. चाळिशी उलटलेल्या बाईने कसं वागावं हे सांगायला खालच्या मजल्यावरच्या दोघी येऊन गेल्या. त्यांना चहा पाजला आणि त्यांच्यासमोरच गाणं लावलं.

निधी तुझ्याबरोबर हळदीकुंकवाला आली होती ना, तेव्हा तिने माझ्याकडचा तो फोटो पाहिला. आपण चौघी, ढगळ कार्गो पँटी, कमरेला चंदेरी पट्टे, केसांत चमकी. सगळ्यात पुढे कोण, म्हणून ती मला स्वयंपाकघरात येऊन विचारायला लागली. तुझं नाव सांगितलं तर हसतच सुटली. आपली आई नाचायची यावर तिचा विश्वासच बसेना, आणि मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! तिला म्हणे तू सांगून ठेवलं आहेस, चांगल्या घरच्या मुली असल्या गाण्यांवर नाचत नाहीत. अगं, हे वाक्य तुझं नाही. हे तुझ्या अण्णांचं आहे, शब्द न् शब्द. ते ऐकून तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून किती रडली होतीस! आणि आता तेच लेकीच्या पदरात घालतेस?

मग मी तिला त्या गणपतीचं सगळं सांगितलं. मंडप खच्चून भरलेला, आपलं गाणं ऐन रंगात आलेलं, आणि सेक्रेटरी कुंडलिककाकांनी बाप्पासमोर थिल्लरपणा नको म्हणून सरळ पिन खेचली. स्पीकर मुका झाला. आम्ही तिघी जागच्या जागी उभ्या राहिलो. तू नाही थांबलीस. फळ्यांवर तुझ्या बुटांचा तेवढा आवाज येत होता. मग मागून पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला, बायकांनीही धरला, आणि तेवढ्यात अण्णा स्टेजवर चढले. दंडाला धरून सगळ्यांदेखत तुला खाली नेलं. पुढच्या मे महिन्यात तुझं लग्न झालं. माझ्या हळदीला आख्खी बिल्डिंग नाचली, आणि तू आत बसून साड्यांच्या घड्या घालत होतीस. मला तेव्हाही अण्णांचा राग आला होता, आजही येतो. म्हातारे झाले म्हणून माफ करायला मी काही त्यांची लेक नाही.

तेव्हा ऐकून ठेव. निधी नाचणार. अण्णांची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवली आहे. त्यांनी बघावं, नाहीतर उठून जावं. आमच्या हर्षदला मी बोर्डापाशीच बसवणार आहे. पिनेला हात लावणाऱ्याला आधी त्याला उठवावं लागेल, आणि माझा नवरा जेवायलासुद्धा चार हाका मारल्याशिवाय उठत नाही. तुझी परवानगी मी मागत नाहीये. पोरगी सज्ञान आहे आणि तिचे पाय तुझ्यावर गेलेत.

पत्र लिहिलं ते दुसऱ्याच कारणाने. गाण्यात जिथे पिन खेचली होती, तिथेच निधी मुद्दाम आवाज बंद करायला लावणार आहे. तेवढा वेळ ती एकटी, नुसत्या पावलांवर नाचणार. आपला सगळा नाच मी तिला शिकवला, पण तेवढा तुकडा माझ्याकडे नाही. तो आपण बसवलेलाच नव्हता. तो त्या क्षणी तुझ्या पायांतून आला, आणि आम्ही तिघी तुझ्याकडे बघायचं सोडून अण्णांकडे बघत होतो. दर रविवारी पोरगी त्या जागेपाशी येऊन थांबते आणि माझ्या तोंडाकडे बघते. मला ते येत नाही, पद्मे. तुलाच येतं. येत्या रविवारी तिच्याबरोबर तू ये. आणि चपला नकोत, बूट घालून ये.

तुझीच, अजून मागच्याच रांगेत उभी असलेली,
मानसी