ढब्बूच्या कोटातलं जोडाक्षर

ती. मावशी,

नमस्कार. खरं तर वाकून करायचा, पण अंगावरच्या एप्रनला परवाच्या गोदामाच्या आगीची काजळी लागली आहे, तेव्हा लांबूनच घ्या. गुडघा कसा आहे? मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नजर कशी आहे, हे विचारत नाही. तुमचे टाके पाहिले. नजर उत्तम आहे.

मघाशी फोनवर माझा आवाज चढला, चुकलंच. पण "काय ते लिहून पाठव, ओरडलेलं मला कळत नाही" म्हणून तुम्ही फोन ठेवलात, म्हणून हे पत्र. आमचा गाडीवाला तुमच्याच बाजूला निघाला आहे. तो हे देईल आणि तुमचं उत्तर घेऊन परत माझ्याकडे येईल. उत्तर एका शब्दाचं आहे. प्रश्न मात्र मला नीट मांडू द्या, कारण अर्धवट सांगितलं की तुम्ही हसता.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन धोबी झाला, हे माझ्याबद्दलचं वाक्य तुमचंच. नाही कशाला म्हणू? आगीवरून आलेले अग्निशमन दलाच्या जवानांचे कोट आणि विजारी आम्ही धुतो. फरक इतकाच, की त्यांतला मळ विषारी असतो. जळालेल्या प्लास्टिकचा, रंगांचा धूर कापडात मुरतो आणि तिथून अंगात जातो. (म्हणूनच तुमच्या लेकानं, ढब्बूनं, असले कोट घरी आणून तुमच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर टाकायचे नसतात. हे मी त्याला सांगितलं. तो "बरं दादा" म्हणाला, म्हणजे ऐकलेलं नाही.) धुऊन झालं की कोट तपासायचा. अस्तराला लागून आत एक पातळ पडदा असतो, तो उकळतं पाणी आणि वाफ अडवतो. त्याला सुईएवढं भोक पडलं, तरी वाफ तिथून आत शिरते आणि माणूस कोटाच्या आतल्या आत भाजतो. हे भोक नुसत्या डोळ्यांना सापडत नाही. म्हणून आम्ही पडद्याला एका बाजूनं पाण्याचा दाब देतो आणि दुसऱ्या बाजूला थेंब येतो का, ते श्वास रोखून बघतो.

आज ढब्बूचा कोट लावला. मी आणि माझी सहकारी, जिला इथे सगळे ताई म्हणतात, बघत उभे होतो. आधी कॉलरखाली थेंबांची एक आडवी, सरळ रेघ आली. ताई म्हणाली, शिवण गेली असेल. मग रेघेखाली थेंब येऊ लागले, वळण घेऊ लागले, आणि 'ढ' उमटला. मावशी, जोडाक्षरासकट गळलं. शेवटचा ऊकारसुद्धा दीर्घ. ताईनं ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "ढब्बू? ही कुठली कंपनी?" ज्याच्या एका शिट्टीवर सगळं पथक धावतं, त्या माणसाचं हे घरचं नाव आहे, हे मी तिला सांगितलं नाही. (संध्याकाळपर्यंत कळेलच. माझा चेहरा फितूर आहे.)

ढब्बूला फोन केला. "नाव-बिव काही नव्हतं रे दादा, उंदरानं कुरतडलं असेल." (शिरोरेखा देणारा उंदीर माझ्या पाहण्यात नाही.) फारच खोदल्यावर कबूल झाला, की तुम्ही लाल दोऱ्यानं घातलेलं नाव पथकातल्या पोरांना दिसू नये म्हणून त्यानं ब्लेडनं उसवलं. दोरा गेला, भोकं राहिली. तोच कोट घालून तो गोदामात गेला होता. कॉलरपाशी वाफ पोचली नाही, हे निव्वळ नशीब.

तो कोट मी बाद केला. आता ढब्बू दुसरा कोट घालून ड्यूटीवर आहे. त्यावरही नाव होतं का, तर म्हणे आठवत नाही. आठवणार कसं? त्याच्या मापाचा तिसरा कोट केंद्रात नाही. (ढब्बू हे नाव उगाच पडलेलं नाही.) दुसराही गेला तर त्याला टेबलापाशी बसून लोकांचे फोन घ्यावे लागतील. मी कोट तपासायला मागवला आहे, पण तो अंगातून काढेल तेव्हा ना! आणि तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणता, "नाव घातलं तर काय गुन्हा झाला? तुझ्या दप्तरावरही मीच घातलं होतं, तेव्हा नाही गळलास!"

आता अवघड आहे ते लिहितो. भोक पडलेला कोट आम्ही तत्काळ बाद करतो, हे मागे तुमच्याकडे जेवायला आलो होतो तेव्हा मीच फुशारकीनं सांगितलं होतं. ते ऐकूनच तर तुम्ही सुई हातात घेतली नाहीत ना? असा विचार येतो आणि माझी मलाच लाज वाटते. तरी लिहून ठेवतो: कोट आमच्याकडे येऊन बाद होईपर्यंत ढब्बू तोच घालून आगीत जाणार असतो. हे मी तेव्हा सांगितलं नव्हतं.

तर प्रश्न असा: दुसऱ्या कोटावर नाव घातलं आहे का? हो किंवा नाही.

तुमचा भाचा,
पदवीधर धोबी

ता. क. पत्र घडी घालतोय तोच कोट आला. केंद्रप्रमुखांनी ढब्बूच्या अंगावरून उतरवून घेतला म्हणे. तपासला. कोरडा ठणठणीत. तेव्हा उत्तर नको. माझ्या मनात नको ते आलं, त्याबद्दल माफ करा.

ता. क. दुसरा. खरं सांगायचं तर दोनदा तपासला. दुसऱ्यांदा नियमापेक्षा जास्त दाब दिला. ताई म्हणाली, "कोरडा आहे हो, आता पिळून बघणार का?" तेव्हा लक्षात आलं, की मी एका थेंबाची वाट बघतोय. एक थेंब आला असता, तर नवा कोट येईपर्यंत तरी ढब्बू खुर्चीत बसला असता.

ता. क. तिसरा. गाडीवाला हॉर्न वाजवतोय. कोट पास केल्याची सही अजून केलेली नाही. घाईत केलेली सही जुळायची नाही. गाडी तुमच्याकडून परत आली की पुन्हा एकदा तपासून मगच करीन. तोवर कोट गाडीतच, मागच्या पेटीत सगळ्यांत वर आहे. तुम्ही त्याला हात लावू नका. गाडीवाल्याला मात्र चहा विचारा. तो फार सावकाश पितो.