पावणेदोनला उठवा

रविवार, १९ नोव्हेंबर
सकाळी, खोलीवरून

प्रिय ताई,

तू, भाऊजी आणि छोटी बरे आहात असं धरून चालते, कारण बरं नसलं तरी तू कळवणार नाहीस. मी ठीक आहे. वेळेवर जेवते, अंगात स्वेटर असतो. तुझे नेहमीचे दोन्ही प्रश्न संपले, आता मला बोलू दे.

फोन सोडून हिने पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर तू शिलाई मशीन थांबवत नाहीस, आणि त्या घरघरीत मी ‘हं, हं’ पलीकडे जात नाही. शिवाय एक गोष्ट अशी आहे की सांगताना तुझा आवाज कानावर आला तर माझ्याच्याने ती पुरी होणार नाही. तिच्याकडे येतेच. आधी माझं काम सांगते, कारण आईने गल्लीभर मी डॉक्टर झाल्याचं सांगून ठेवलंय.

मी डॉक्टर नाही. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट व्हायला आलेली मुलं जिथे शिकतात, त्या विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात मी मदतनीस आहे. मन मोकळं करायला मुलं आमच्या मोठ्या बाईंकडे येतात. त्यांच्या वेळा ठरवणं, फॉर्म भरून घेणं, रडून बाहेर आलेल्याला पाणी देऊन दहा मिनिटं काही न विचारता बसू देणं, एवढं माझं. आणि विश्रांती खोली माझी.

ती खोली तू बघायला हवीस. चौथ्या मजल्याच्या टोकाला आहे. चार आरामखुर्च्या आणि जाड हिरवे पडदे. दुपारचं ऊन पडद्यातून झिरपून आत येतं तेव्हा आपण तळ्याच्या तळाशी बसलोय असं वाटतं. ड्यूट्या आणि अभ्यास यांत पिळून निघालेली मुलं इथे अर्धा तास झोपायला येतात. एक मुलगा झोपेत मनगटाच्या हाडांची नावं म्हणतो आणि दर वेळी सहाव्यावर अडतो. एक मुलगी हवेत कुणाची तरी नाडी धरून ठेवते. मी दाराशी बसते. वहीत खुर्चीचा नंबर आणि उठवायची वेळ लिहिते, नाव लिहायचं नाही असा नियम आहे. कधी कधी मला कळेनासं होतं की मी त्यांच्या झोपेच्या बाहेर आहे की आत. फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणतात, “लोकांना बरं करायला निघालेत आणि ह्यांना झोपवायला पगारी माणूस लागतंय.” पण त्या खोलीत त्या बादली ओढत नाहीत, उचलून नेतात.

उठवायचीही पद्धत आहे. अंगाला हात लावायचा नाही. पडदा अर्धा सारायचा आणि हळू आवाजात सांगायचं: आज अमुक वार, इतके वाजले, तू विश्रांती खोलीत आहेस, काही बिघडलेलं नाही. गाढ झोपेतून येणाऱ्याला आधी पायाखाली जमीन लागते, असं बाई म्हणतात. ही चार वाक्यं मी इतक्यांदा म्हटली आहेत की झोपेतही म्हणत असेन.

गेल्या सोमवारी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली. नेहमी चौथ्या खुर्चीवर झोपते म्हणून आम्ही तिला चार नंबर म्हणतो. सकाळची वॉर्डातली ड्यूटी संपवून थेट आली होती. “पावणेदोनला उठवा, दोनला प्रात्यक्षिक परीक्षा आहे,” म्हणाली आणि एक बूट काढून, दुसऱ्या बुटाची नाडी हातात धरूनच झोपली.

पावणेदोनला मी पडदा अर्धा सारला. ऊन तिच्या गालावर आलं आणि ती झोपेत हसली. ताई, तीन आठवडे मी त्या मुलीला बघत होते. चेहरा कायम मुठीसारखा आवळलेला. ती मूठ आता सुटली होती. ओठांवर आलेलं वाक्य मी गिळलं. सगळ्यांना काही एकदम आत घेत नाहीत, हिची पाळी शेवटी असेल, पाच मिनिटं झोपू दे. मग आणखी पाच. मी पडदा परत ओढला. आपण कुणासाठी तरी फार चांगलं काही करतोय असं वाटत होतं. त्या हिरव्या उजेडात वेळ ही बाहेरच्या लोकांची भानगड वाटते.

तीनला दहा कमी असताना तिने आपण होऊन डोळे उघडले. मी म्हणाले, आज सोमवार. तीन वाजत आलेत. तू विश्रांती खोलीत आहेस. चौथं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

ती धावत गेली, पण परीक्षकांनी गैरहजेरी लावून टाकली होती. म्हणजे पुढची संधी सहा महिन्यांनी.

दुसऱ्या दिवशी, परीक्षा पुन्हा घ्यावी असा तिचा अर्ज शिफारशीसाठी आमच्याकडे आला. त्यात लिहिलं होतं, ‘मला जाग आली नाही. चूक माझी आहे.’ मी हाक मारली असणार आणि तिलाच ऐकू आली नसणार, असं तिने धरलं होतं. वहीतही तेच दिसत होतं, कारण पावणेदोनपुढे ‘उठवलं’ अशी खूण मी पडदा सारतानाच करून टाकली होती. रोजची सवय.

मी वही आणि अर्ज घेऊन बाईंकडे गेले आणि घडलं ते सांगितलं. त्यांनी वहीतली खूण बघितली. माझी नेमणूक डिसेंबरपर्यंतचीच आहे, याची त्यांनी आठवण करून दिली. मग विचारलं, “तू गप्प बसलीस तर कुणाला कळणार नाही, हे तुला माहीत आहे ना?” मी हो म्हणाले. “मग चल,” म्हणाल्या.

परीक्षा समितीत तिघं होते. किती मिनिटं, असं विचारलं. पासष्ट, मी म्हणाले. म्हणजे विसरलात, एक जण म्हणाले. मी म्हणाले, “नाही. मी बघत बसले होते.” त्यांनी पेन खाली ठेवलं. तिची परीक्षा शुक्रवारी घ्यायचं ठरलं. माझ्याकडून विश्रांती खोली काढून घेतली, नेमणुकीचं महिनाअखेरीस बघतील.

शुक्रवारी परीक्षा देऊन ती केंद्रात आली. प्रात्यक्षिक बरं झालं म्हणाली. मी माफी मागितली. ती माझ्याकडे न बघता बोलली, “तुम्ही वाईट नाही, ते कळतंय मला. पण मी तुमच्या भरवशावर झोपले होते, मॅडम. तीन दिवस मला वाटत होतं माझ्यातच काहीतरी खोट आहे.” आणि गेली.

ती तीन दिवस, ताई. तू चौदा वर्षं.

तुझी नर्सिंगची प्रवेश परीक्षा होती. आई सकाळच्या पाळीला गेलेली, बाबा गाडी घेऊन बाहेरगावी. तू पाचपर्यंत वाचत बसलीस, मग गजराचं घड्याळ माझ्या हातात दिलंस. सहाला उठव, सातची बस आहे. मी नऊ वर्षांची. नंतर मी सगळ्यांना सांगितलं, दोनदा हाक मारली, हलवलंसुद्धा, ताई उठलीच नाही. तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस. आईला म्हणालीस, माझीच मेली झोप वाईट.

मी हाक मारली नव्हती. गजर व्हायच्या आत खटका दाबला, घड्याळ उशीखाली सरकवलं आणि तुझ्या शेजारी बसून राहिले. चार नंबरची मला दया आली होती, तसं हे नव्हतं. तू पास झालीस तर होस्टेलवर जाशील, मग माझ्या वेण्या कोण घालणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाहेर उजाडत होतं. तुझा श्वास संथ चालला होता. जगात दुसरं कुणी नव्हतंच. सातची बस वळणावर हॉर्न देऊन गेली, तो मी ऐकला, आणि मला बरं वाटलं.

समितीपुढे बोलणं सोपं होतं. दयेपोटी केलेली चूक कबूल करताना माणूस थोडा मोठाच दिसतो. ह्या जुन्या चुकीत तसं काही नाही, म्हणून ती सांगायला इतकी वर्षं लागली.

घरात तुला सगळे कुंभकर्णाची बहीण म्हणतात आणि तूही हसतेस. तीन-तीन गजर लावतेस, दुपारी डोळा लागू देत नाहीस. मागच्या महिन्यात शिवणवर्गाच्या बाईंनी तुला शिक्षिकेच्या परीक्षेला बस म्हटलं, तर त्यांना म्हणालीस, “माझं कसलं, मी परीक्षेलाच उठत नाही.” हे तू मला गंमत म्हणून सांगितलंस. मी हसले.

आता तू म्हणशील, असू दे गं, लहान होतीस. नऊ वर्षांची असताना लहान होते. घरातली पहिली पदवीधर म्हणून आईने माझा फोटो भिंतीवर लावला, तू खाली उभी राहून तो सरळ आहे का बघत होतीस, तेव्हा लहान नव्हते. म्हणून इतक्या लवकर ‘असू दे’ म्हणू नकोस. पोटभर रागाव. छोटीलाही खरं सांग, मावशीने काय केलं ते.

आणि शिक्षिकेच्या त्या परीक्षेचा फॉर्म भरायचा की नाही, हे ठरवताना एवढं मात्र लक्षात घे. तू झोपाळू नव्हतीस, ताई. तुला कुणी हाकच मारली नव्हती.

जिच्या भरवशावर तू झोपलीस ती,
तुझी धाकटी