ताडपत्रीखालचा जनरेटर

शुक्रवार, दिवेलागण

देवापुढे दिवा लावला, पण मन अजून त्या ताडपत्रीपाशीच आहे.

आपल्या दिघ्यातल्या खोक्यांच्या कारखान्यात आज कार्बन मोजणारा माणूस आला होता. वीज किती, डिझेल किती जळतं ते खरं सांगा, कमी कसं करायचं ते मी बघतो, म्हणाला. त्याचा अहवाल चांगला गेला तरच मोठ्या कंपनीची ऑर्डर टिकणार. शुक्रवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात, म्हणून सकाळपासून डिझेलचा जनरेटर चालू होता. तो येण्याच्या जरा आधी वीज आली. मी चहा सांगून परततो तर जनरेटरवर ताडपत्री! हे काम सुधाकरचं, माझ्या मेव्हण्याचं.

"हा चालतो का?" पाहुण्याने विचारलं.

"नाय हो साहेब, भंगारात काढायचाय. दाजींचा जीव अडकलाय त्याच्यात, म्हणून ठेवलाय," सुधाकर हसत म्हणाला.

पाहुण्याने ताडपत्रीवर हात टेकला आणि झटकन काढला. खाली जनरेटर तापलेलाच होता ना! तरी काही बोलला नाही. का? सुधाकरने त्याला आधीच गाठलं होतं? की मी काय बोलतो ते पाहत होता? मी तर नुसता चहाचा कप पुढे केला.

त्याचा तो झटकन काढलेला हात...

सगळे गेल्यावर मी ताडपत्री ओढून काढली. खंडेनवमीला लावलेलं कुंकू अजून पुसट दिसतंय. उद्या पाहुण्याला फोन करून सांगणार, जनरेटर चालतो. ऑर्डर गेली तर गेली. येत्या खंडेनवमीला मला ह्याच्यापुढेच हात जोडायचे आहेत.