गोधडी आणि गालिचा

२ मार्च

आजपासून पाणी बंद. घरच्या गच्चीवर दोन ट्रे शेजारी शेजारी मांडलेत. चार बोटं माती, त्यातही निम्मा विटांचा चुरा. हॉस्पिटलचं छत याहून जास्त वजन पेलणार नाही. एका ट्रेमध्ये साहेबांचं लाडकं झाड – जाड पानांचं, एकच एक, सलग हिरवं. दुसऱ्यात माझं मिश्रण: तेच झाड थोडं, झुबक्यानं वाढणारं गवत, जमिनीलगत पसरणारी रानवेल आणि उन्हाळाभर मातीत झोपून राहणारे कंद. साहेब म्हणाले, "ही काय भिकाऱ्याची गोधडी?" बरं, गोधडी तर गोधडी. मग त्यांचा तो गालिचा.

यातलं जे तगेल ते बाळंतिणींच्या वॉर्डवरच्या छतावर लागेल. तिथं पाणी घालायला कुणी चढणार नाही. बाबांना पुन्हा पुन्हा बजावलं – थेंबसुद्धा नको. गालिच्याचे तर जास्त पाण्यानं देठच कुजतात, हेही सांगणार होते, पण ते "बरं बरं" म्हणत पेपरात शिरले.

१५ मार्च

वॉर्ड पाहून आले. वरचा मजला म्हणजे तापलेला तवा. एक बाळंतीण एक्स-रेच्या पाकिटानं बाळाला वारा घालत होती, स्वतः घामानं निथळत. नर्स म्हणाली, "वर झाडं लावणार म्हणे. लवकर लावा हो." चुकीचं लावलं तर वर्षभरात वाळून पुन्हा उघडं छत. मग या बायकांना कोण तोंड दाखवणार?

२८ मार्च

गोधडी विटली. गवत तांबूस, वेल मलूल. गालिचा मात्र टवटवीत! साहेबांनी फोटो मागवून अख्ख्या ऑफिसला दाखवला. 

५ एप्रिल

जेवण जात नाही. बाबा म्हणाले, "एवढंसं तोंड झालंय तुझं. तुझी झाडं जगतील ग." त्यांना काय कळतंय, डोंबल.

२१ एप्रिल

गालिचा बसला! बघता बघता देठाशी काळा पडला, पानं गळाली. उन्हानंच भाजला असणार. गोधडी उचकून पाहिली – गवताच्या बुडाशी हिरवं आहे, आणि त्याच्या सावलीत जाड पानं तगलीत. गच्चीवर एकटीच हसले. साहेब स्वतः येऊन बघून गेले आणि तोंड वाकडं करत का होईना, गोधडी मंजूर केली.

येताना आइस्क्रीम आणलं. बाबांनी हात लावला नाही. कसलं तोंड पाडून बसलेत कोण जाणे.

२४ एप्रिल

जिन्यात खालच्या काकू भेटल्या. "तुझे बाबा किती निगुतीनं पाणी घालायचे ग गच्चीवर. रोज संध्याकाळी, तांब्या घेऊन."

वर धावले. दोन्ही ट्रे कोरडे ठणठणीत. बाबांना विचारलं. "घालत होतो," म्हणाले, "आठवडा झाला सोडून. मला वाटलं..." पुढचं मी बोलूच दिलं नाही. मीच नको नको ते बोलून गेले. माझ्या कामाचा खेळ केलात, म्हटलं. ते चष्मा पुसत बसले.

गालिचा मेला आणि गोधडी जगली. पाणी कुणाला मिळालं, हे वेगळं विचारायला कशाला हवं?

२५ एप्रिल

काल रात्रभर वाटत होतं, गप्प बसावं. कुणाला कळणार आहे? पण ती एक्स-रेचं पाकीट हलवणारी बाई डोळ्यांसमोरून हलेना. साहेबांना सांगितलं, माझी चाचणी खोटी ठरली, मिश्रण मागे घेते.

"सुंठीवाचून खोकला गेला," म्हणाले. गालिचाही मेलाय, त्याचं काय, असं मी विचारलं. "तुमच्या गच्चीवरचं आता काहीच धरायचं नाही. सोमवारी गालिच्याच्या रोपांची ऑर्डर जाईल."

२७ एप्रिल

घरात अबोला. बाबा माझा डबा भरून ओट्यावर ठेवतात आणि खोलीत निघून जातात. मीही मुकाट्यानं उचलते.

२९ एप्रिल, रविवार

ट्रे रिकामे करायला वर गेले. बाबा मागोमाग आले आणि मेलेल्या गालिच्यापाशी उकिडवे बसले. वाळका देठ बोटानं हलवत म्हणाले, "एवढं पाणी घातलं, तरी गेला बघ."

"याला? तुम्ही याला घालत होतात?"

"याला एकट्यालाच. सगळ्यांत गोजिरा हाच होता. मला वाटलं, हाच तुझा."