लाल ठिपक्याच्या गोगलगायी

तीर्थरूप काकांस साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? काकूंचा खोकला थांबला का? आमच्या कचेरीच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या माणसाला पोस्टाने पत्र पाठवणं विचित्र दिसतं, पण तुम्ही फोन उचलत नाही आणि दार काकू उघडतात.

कचेरीची योजना तुम्हाला ठाऊक आहेच. बाहेरून आलेल्या या गोगलगायी बागा फस्त करतात, म्हणून लोकांनी त्या वेचून आणायच्या आणि सरकारने किलोमागे पैसे द्यायचे. तोलण्याचं काम माझ्याकडे. इतक्या वेचूनही त्या कमी होईनात, तेव्हा माझी खात्री पटली की जनतेचा पैसा कुणीतरी खातंय. पहिला संशय शिपायावर (तो उगाच हसतो), दुसरा साहेबांवर (ते कधीच हसत नाहीत). शेवटी तोललेल्या प्रत्येक गोगलगायीच्या शंखावर मी नेलपॉलिशचा लाल ठिपका देऊ लागले. ठिपकेवाल्या परत आल्या, आणि आल्या त्या नेमक्या तुमच्या बादलीत.

ज्यांनी माझ्या कॉलेजची फी भरली त्यांना मी भर रांगेत “नियम सगळ्यांना सारखा” असं ऐकवलं आणि पैसे नाकारले. तुम्ही एवढंच म्हणालात, “बरं झालं शिकवलं तुला. बादली तेवढी परत दे, काकूची आहे.” तेव्हापासून आपलं बोलणं बंद.

त्यानंतर मी कचेरीच्या मागच्या अंगणातल्या खड्ड्यावर पाळत ठेवली. गोगलगायी तिथे मिठात मारायच्या असा आदेश आहे. खड्ड्यात मिठाचा खडाही नव्हता. साहेबांना विचारलं, तर ते कागदावरून मान न उचलता म्हणाले, “वेचायचा निधी आलाय. मारायचा अजून मंजूर नाही.” मी परत गेले तेव्हा एक लाल ठिपका भिंत चढून सावकाश तुमच्या कोबीकडे निघाला होता.

तुम्ही त्या प्रामाणिकपणे वेचल्या होत्या, काका. मला माफ करा.

तुमची लाडकी (अजूनही असेन तर)
पुतणी

ता. क. मीठ यायला पुढचं वर्ष उजाडेल. तोवर बादली आणत जा. भर रांगेत तोलून पैसे देईन.

ता. क. २. काल खड्ड्यात काही शंखांवर लाल ठिपक्याशेजारी हिरवा ठिपका दिसला. तुमच्या फाटकाचा रंग तोच आहे. म्हणजे ठिपका देऊन तुम्ही त्या इकडे टाकता आणि मी परत पाठवते का ते बघता? घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीवर पाळत?

ता. क. ३. हिरवा रंग उरला असेल तर डबा भिंतीवरून द्या. माझी नेलपॉलिश संपली आहे, आणि आज साहेब हसले.